मदत हवी आहे: जुन्या टीव्ही गेमच्या कंट्रोलरचं रबर

जळगावहून लिहितोय. नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला ८-बिट टीव्ही गेम, ९ पिनचा कंट्रोलर. ‘ए’ बटण अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं तरच चालतं.

उघडून झालंय. आत घामाचा काळा, चिकट थर होता. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पट्ट्यांवर कार्बन छापलेला आहे, त्यामुळे खोडरबर, सँडपेपर मुद्दाम लावला नाही. केबलच्या पाचही तारा मल्टिमीटरवर बीप देतात. ‘ए-बी’चं रबर एकाच तुकड्यात आहे. ते फिरवून उलटं बसवलं तर बिघाड ‘बी’वर गेला! म्हणजे बोर्ड ठणठणीत, दोष रबराखालच्या काळ्या, वीज वाहणाऱ्या टिकलीत. मल्टिमीटरवर चांगल्या टिकलीचा रोध ३०० ओहमच्या आत, हिचा ८ किलोओहम.

टिकलीवर ६बी पेन्सिल (मऊ ग्रॅफाइटची) घासून पाहिली. दोन दिवस झकास, मग जैसे थे. फॉइल लावायचं नाही, छापील कार्बन खरवडला तर बोर्डच जाईल. नवा कंट्रोलर सुचवू नका, मला हाच जिवंत ठेवायचाय.

बंद पडलेल्या टीव्ही रिमोटमधून दोन चांगल्या टिकल्या अलगद कापून ठेवल्यात. पण सुपरग्लू सिलिकॉन रबरावर धरत नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला टेकतो. आरटीव्ही सिलिकॉनने (साध्या तापमानाला घट्ट होणारं ट्यूबमधलं सिलिकॉन) चिकटवलेली टिकली कुणाची वर्षभर तरी टिकली आहे का? आणि जुनी टिकली आधी तासून काढायची, की तिच्यावरच बसवायची?