मामाची मुलगी: बहीण की बायको? कायदा कोणाचं ऐकतो?

मांडवीची_मिरची
एलएलबी सेकंड इयर, बडोदा. सेमिनारला विषय मिळालाय, संस्कृतीने माणसाचा स्वभाव कसा घडतो आणि त्याचा कायद्याशी संबंध काय. वाचून डोकं उठलं आणि उदाहरण घरातच सापडलं. दादाचं मामाच्या मुलीशी जमलंय. आजी (बाबांची आई) जाम खूश, म्हणते मामाचीच मुलगी तर आहे, विचारायचंय काय त्यात. आई मात्र गप्प. आणि खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासी गॅस बंद करून वर आल्या, "मामानी दीकरी तो बेन कहेवाय!" त्यांना खरंच किळस आलेली हो, नाटक नव्हतं. चाळीस वर्षं एकाच जिन्यात राहतात दोघी, एकीला ज्याचा आनंद त्याच गोष्टीने दुसरीच्या अंगावर काटा. मग कायदा कोणाच्या मनाप्रमाणे चालतो?

जुना_वकील
दोघींच्याही, पण पुरावा मागून. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावाची नि बहिणीची मुलं निषिद्ध नात्यात येतात, असं लग्न कलम ११ खाली मुळातच रद्द. कलम ५ मध्ये सूट आहे ती रूढीची, आणि ती रूढी दोन्ही पक्षांत असायला हवी. आजी म्हणते एवढ्यावर भागत नाही, बरीच वर्षं सलग चालत आलेली पाहिजे. आम्ही कोर्टात घरातल्या म्हाताऱ्यांना उभं करून विचारायचो, तुमच्याकडे अशी लग्नं किती झाली, कोणाकोणाची. देशस्थांत, मराठ्यांत चालतं, कोकणस्थांत नाही. इरावती कर्व्यांनी नात्यांचा अभ्यास करून हेच दाखवलं, उत्तरेत हे वर्ज्य, दक्षिणेत सर्रास, आपण मधल्या पट्ट्यात. बडोद्यात तर दोन्ही पट्टे एकाच जिन्यात 😀

शेवउसळ_एक्स्ट्रा_तिखट
सेमिनारला नानावटी खटला घे, लग्नाचं ठीके पण खरी मजा फौजदारीत आहे. नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळी घालून मारलं १९५९ ला, ज्युरीने आठ विरुद्ध एक निर्दोष सोडलं, हायकोर्टाने फिरवलं. चिथावणी 'गंभीर आणि अचानक' असली तरच खुनाचा आरोप सौम्य होतो. सुप्रीम कोर्ट १९६१ मध्ये म्हणालं की ती 'गंभीर' होती का हे ठरवताना आरोपीच्या समाजातला साधारण माणूस कसा वागला असता ते बघायचं, म्हणजे चालीरीती, मूल्यं, भावनिक जडणघडण सगळं आलं. तुझा अख्खा विषय त्या एका परिच्छेदात आहे. पण हायकोर्टाने दिलेली जन्मठेप त्यांनी कायमच ठेवली, कारण बायकोची कबुली ऐकल्यावर तो बायकामुलांना सिनेमाला सोडून आला, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, तोपर्यंत तीन तास गेलेले, 'अचानक' राहिलंच कुठे.

सयाजीबागेतला_बाक
इथेच मला भीती वाटते. 'आमच्यात असंच असतं' हे एकदा ऐकून घेतलं की इज्जतीसाठी पोरीला मारणारा बापही तेच म्हणणार. आणि त्याच्या समाजातला साधारण माणूस म्हणजे कोण, बाप की पोरगी? पोरगीही त्याच घरात वाढली ना.
शिवाय उलटंही होतं, कायद्याने माणूस बदलतो. आपल्याच गावचं घ्या, सयाजीरावांनी १९०४ ला बालविवाहबंदी आणली, ब्रिटिश राज्यातला तसाच शारदा कायदा १९२९ चा. लोक दंड भरायचे आणि लग्न उरकायचे, लग्नाच्या खर्चात आणखी एक आकडा. पण १९०६ ला संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं, मुलींनाही, आणि माझ्या मते खरं काम तिथे झालं. माझी पणजी शाळेत गेली म्हणून आजीचं लग्न अठराव्या वर्षी झालं, दंडाला घाबरून नाही. १९३१ ला हिंदूंना घटस्फोटही दिला राव, बाकीच्यांना बहुतेक ठिकाणी १९५५ ची वाट बघावी लागली.

मांडवीची_मिरची
मस्त, सेमिनारचं काम झालं. पण घोळ वेगळाच निघालाय. आजीने बोटांवर चार लग्नं मोजली, आमच्याकडची. आई म्हणाली, माझ्या माहेरी एकही नाही, आम्ही कोकणस्थ. म्हणून गप्प होती ती!! वकीलकाका, आता?

जुना_वकील
मग 'दोन्ही पक्षांत' इथेच अडलं. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये एकाची रूढी पुरते, पण ती राज्य सरकारने गॅझेटात जाहीर केलेली लागते. तुमच्या समाजाची झालीये का ते बघून घ्या, आणि हॉल बुक केला असेल तर अॅडव्हान्स परत मिळतो का तेही.