काळ्या मातीत प्लेट लोड टेस्टचा आकडा २८ टन आला, फुटिंग चालेल का?

काळी_रान_परभणी:
तळमजला अधिक एक मजला, घर बांधायचं आहे. वरची ३ मीटर काळी माती, त्याखाली ५.५ मीटरपर्यंत पिवळट चिकण, मग मुरूम. खोदलं तेव्हा पाणी लागलं नाही. लॅबचे आकडे: लिक्विड लिमिट (माती पातळ व्हायला लागणारं पाणी) ७४ टक्के, फ्री स्वेल इंडेक्स (पाण्यात माती फुगण्याचं प्रमाण) ११० टक्के, फुगण्याचा दाब १.६ किलो प्रति चौ.सें.मी. मे महिन्यात १.५ मीटर खोलीवर ३०० मिमी प्लेटची टेस्ट झाली (लोखंडी प्लेटवर भार टाकून ती किती खचते हे पाहतात). त्यावरून सुरक्षित भारक्षमता २८ टन प्रति चौ.मी. काढून दिली आहे. बाहेरच्या कॉलमवर १४ टन, मधल्यांवर २२ टन. ठेकेदार म्हणतो, १.५ × १.५ मीटरचं फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) घ्या आणि खाली ३०० मिमी दगडाचं सोलिंग करा. हे बरोबर आहे का?

मुरूम_आणि_मांजऱ्या:
नाही. तो २८ टनांचा आकडा बाजूला ठेवा. मे महिन्यात काळी माती विटेसारखी कडक असते, आणि तुम्ही मोजली ती त्या कोरडेपणाची ताकद. शिवाय प्लेटचा परिणाम तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच पोचतो, म्हणजे जेमतेम ६०० मिमी. खालची चिकण या टेस्टने पाहिलीच नाही. चिकणमातीत खचणं रुंदीच्या प्रमाणात वाढतं. प्लेट ५ मिमी खचली तर दीड मीटरचं फुटिंग २५ मिमी खचेल.

पण तुमच्याकडे खरा धोका खचण्याचा नाही, उचललं जाण्याचा आहे. बाहेरच्या फुटिंगखाली १४ भागिले २.२५, म्हणजे जेमतेम ६.२ टन प्रति चौ.मी. दाब येतो. मातीचा फुगण्याचा दाब १.६ किलो, म्हणजे १६ टन प्रति चौ.मी. पहिल्या दोन पावसाळ्यांत बाहेरची बाजू वर येईल, मधले कॉलम जागेवर राहतील आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातील.

सोलिंग तर अजिबात नको. दगडांमधल्या पोकळीत पाणी साचतं आणि थेट फुटिंगखालच्या मातीला पोचतं. मुरूम दोन-अडीच मीटरवर असता तर मुरमावर फुटिंग टेकवा म्हटलं असतं. ५.५ मीटर खोदाई या घराला परवडणार नाही. अंडर-रीम्ड पाइल घ्या, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगीर बल्ब असलेले काँक्रीटचे खांब.

ऑगर_फोरमन:
सहमत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पाइल अशाच मातीसाठी विकसित केली. पाइलच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २९११ भाग ३) दांडा ३०० मिमी, बल्ब अडीच पट म्हणजे ७५० मिमी. मध्यम घट्ट चिकणीसाठी कोष्टकात एका बल्बला १६ टन, दोन बल्बना २४ टन आहेत. म्हणून बाहेर एक बल्ब आणि ४.५ मीटर लांबी. मध्ये दोन बल्ब, ४ आणि ५ मीटरवर. ओल-सुकेचा थर साधारण साडेतीन मीटरपर्यंत असतो, बल्ब त्याच्या खालीच हवा. दोन पाइलमधलं अंतर १.५ मीटर ठेवा.

१२ मिमीच्या ४ सळया पूर्ण लांबीत, कव्हर ५० मिमी. सळई अर्ध्यावर सोडू नका. वरची माती फुगताना दांडा वर ओढते आणि बल्ब त्याला धरून ठेवतो, म्हणजे दांड्यात ताण येतो.

गडबड होते ती बल्ब कापताना. रीमर (बल्ब कापणारं अवजार) पूर्ण उघडतच नाही किंवा कापलेली माती तळाशी राहते. तपासायला काँक्रीट मोजा: ४.५ मीटरच्या दांड्याला ०.३२ घनमीटर, बल्बला सुमारे ०.१०, एकूण ०.४२. प्रत्यक्षात ०.३३ लागलं तर बल्ब झालेलाच नाही. स्लम्प (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) १०० ते १५० मिमी ठेवा. भोक आणि काँक्रीट एकाच दिवशी, रात्रभर उघडं भोक ढासळतं. भोकात पाणी आलं तर ट्रेमी पाइपशिवाय (काँक्रीट थेट तळाशी सोडणारा पाइप) ओतू नका.

काळी_रान_परभणी:
जोत्याचा बीम नेहमीसारखा पीसीसीवर (सळईविना काँक्रीटच्या थरावर) ओतायचा ना?

ऑगर_फोरमन:
तिथेच सगळं वाया जातं! बीम जमिनीला टेकला की माती बीमला उचलते आणि पाइल असून नसल्यासारखी होते. खाली किमान ८० मिमी पोकळी हवी. बाहेरच्या बाजूने पातळ फरशी लावा, म्हणजे माती आत घसरणार नाही. घरातल्या जमिनीच्या फरशीखाली वरची १ मीटर काळी माती काढून न फुगणारा मुरूम भरा, २०० मिमीच्या थरांत, लॅबमधल्या कमाल (प्रॉक्टर) घनतेच्या ९५ टक्के दाबून. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट थराचं काम केलं, त्याचं तत्त्व हेच. खडेदार मुरमात कोअर कटर (घनतेसाठी नमुना काढणारी नळी) नीट घुसत नाही, घनता वाळू ओतून मोजा.

मुरूम_आणि_मांजऱ्या:
किमान एका पाइलची रूटीन टेस्ट (प्रत्यक्ष पाइलवर भार टाकून तपासणी) घ्या. १६ टनांच्या दीडपट, म्हणजे २४ टन. भार देण्यासाठी वर रचायचं वजन किमान २५ टक्के जास्त, ३० टन. ४० किलोची वाळूची पोती धरली तर ७५० पोती. भार ३.२ टनांच्या टप्प्यांनी चढवा, प्रत्येक टप्प्याला खचण्याचा वेग अर्ध्या तासात ०.१ मिमीपर्यंत येऊ द्या, कमाल दोन तास. शेवटचा भार २४ तास. एकूण खचणं १२ मिमीच्या आत हवं. खचणं मोजणारी डायल गेज ०.०१ मिमीची, आणि ती ज्यावर बसते त्या डेटम बारचे टेकू पाइलपासून किमान दीड मीटर लांब. बारवर सावली धरा, उन्हात लोखंड वाढून आकडे सरकतात.