मदत हवी आहे: आईला घेऊन लेह, कारगिलला किती मुक्काम?

सप्टेंबरमध्ये आईसोबत लेहला जातोय. वय ६६, बीपीची गोळी चालू, पण आटोक्यात. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी, सल्फा गटातली) चालणार नाही. सल्फाच्या औषधाने मागे तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, डोळे सुजून बंद. डॉक्टरांनीच नको सांगितलं, "सावकाश चढा" म्हणाले.

म्हणून थेट विमान रद्द केलं. श्रीनगरहून सोनमर्ग, कारगिलमार्गे गाडीने जाऊ. आणखी उंचावरची खारदुंग ला खिंड, पँगाँग तलाव वगळलंय. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसता आराम. ऑक्सिमीटर घेतलाय.

एकूण आठच दिवस आहेत. ज्येष्ठांना या रस्त्याने नेलेल्यांनी कृपया सांगा: कारगिलला एक रात्र पुरते की दोन हव्यात? आणि लेहमध्ये रात्री खोलीवर ऑक्सिजन सिलिंडर मिळतो का?