आजचा शब्द सांगू नका! शब्दखेळवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

मागच्या रविवारी इथे नागपुरात बेसाला चुलत दिराकडे वास्तुशांत होती. पंगत बसायचीच होती, कूलर घुरघुरत होता, आणि आमचे एक काकाजी, वय सत्तरच्या आसपास, वर्डल (रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा ओळींत ओळखायचा तो खेळ) खेळायला लागून जेमतेम सहा महिने झालेले, हात धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजचा तर अगदीच सोपा होता नं" आणि शब्दच सांगून मोकळे झाले. माझी नणंद तेव्हा पाचव्या ओळीवर अडकलेली. सकाळपासून पूजेचं सामान लावता लावता मनात अक्षरं फिरवत होती बिचारी. ती जी गप्प झाली ती आइस्क्रीम येईपर्यंत बोलली नाही. काकाजींना शेवटपर्यंत समजलं नाही की आपलं चुकलं काय, त्यांच्या मते त्यांनी मदत केली.

म्हणून हा धागा. वर्डल असो, मोबाइलवरचं स्क्रॅबल (अक्षरांचे ठोकळे लावून शब्द करायचा खेळ) असो की घरातल्या घरात काढलेला मराठी खेळ, तुमच्याकडे काय पाळतात, कशावरून वाजलं, कोणाशी ओळख झाली, सगळं लिहा. अट एकच, आजचा शब्द लिहायचा नाही. आणि सकाळी लिहीत असाल तर कालचाही नको, कारण आपल्याकडे साडेनऊ-साडेदहा वाजेपर्यंत न्यू जर्सीत कालच चालू असते.

सुरुवात मी करते. मी जानेवारी २०२२ मध्ये लागले, ओमायक्रॉनच्या वेळी. तेव्हा जो तो आपल्या डावाचे रंगीत चौकोन (हिरवा म्हणजे अक्षर बरोबर जागी, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण जागा चुकीची) टाकत होता आणि मला वाटायचं हे काय विणकामाचे नमुने पाठवून राहिले सगळे. मग कळलं की जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने हा खेळ त्याच्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी बनवला होता, आणि इंग्रजीतले पाच अक्षरी बारा हजारांच्या आसपास शब्द चाळून त्यातले ओळखीचे अडीच हजार पलकनेच वेगळे काढले. १ नोव्हेंबर २०२१ ला खेळणारे होते ९०, दोन महिन्यांत तीन लाख, आणि जानेवारीच्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकतच घेतला. पण मला सारखं वाटते की सगळी गंमत आणि सगळं भांडण एकाच गोष्टीत आहे, शब्द रोज एकच आणि जगातल्या सगळ्यांना तोच. प्रत्येकाला वेगळा असता तर काकाजी पंगतीत ओरडले असते तरी काय बिघडणार होतं?

महालची सून
आम्ही चार भावंडं, ताई मेलबर्नला, मी आणि धाकटी इथे, भाऊ न्यू जर्सीला. शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळात रात्री बाराला बदलतो, म्हणजे ताई जेव्हा उद्याचा शब्द सोडवते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचा चहा चाललेला असतो, आणि भावाला तोच शब्द मिळेपर्यंत ताईचा दुसरा दिवस अर्धा संपलेला. त्यामुळे आमचा नियम, शेवटचा माणूस खेळेपर्यंत ताईने 'सोपा होता', 'अवघड होता' एवढंही म्हणायचं नाही. ताई पाळते पण आम्हीच बिघडलो, तिनी एकदा नुसता डोशाचा फोटो टाकला तर भाऊ म्हणे हा क्लू आहे आणि खाण्याचेच शब्द टाकत बसला, सहाही ओळी वाया, एकशेबारा दिवसांची साखळी तुटली. तिला फोन करून ओरडला वरून. ती म्हणे अरे मी फक्त डोसा केला होता. आता ती जेवणाचे फोटो वेगळ्या ग्रुपवर टाकते.

तर्रीवाला
मी खरं सांगून टाकतो, इथे मले कोणी ओळखत नाही. मी वर्षभर चिटिंग केली. पहिले बायकोच्या मोबाइलवर खेळायचो, तिथं शब्द सापडला की मंग माह्या मोबाइलवर दोनात नाहीतर तीनात ठोकायचो आणि मित्राइच्या ग्रुपात चौकोन टाकायचो. पोट्टे म्हणत काय डोकं आहे बे तुहं. एक दिवस सासूबाई आल्या, बायकोचा मोबाइल पाहता पाहता म्हणतात, अगं बाई, तू एवढी खेळतेस, तीनशे दिवस, सांगितलं नाहीस कधी! बायको माह्याकडे पाहे, मी कूलरकडे. तिनी तिथं काही म्हटलं नाही पण रात्री हिशोब झाला. ग्रुपात मीच सांगून टाकलं दुसऱ्या दिवशी. तीन दिवस कोणी काही बोललं नाही, चौथ्या दिवशी मी ५/६ टाकला, म्हणजे पाचव्या ओळीत निघाला, तं पहिल्यांदा सगळ्याइनं टाळ्या पाठवल्या. भैताडासारखं वाटलं पण बरंही वाटलं.

एकाक्षरी
पहिला शब्द रोज तोच टाकणं हे चिटिंग आहे का? आमच्याकडे यावर दोन पार्ट्या आहेत.

झिरोमाइल
@एकाक्षरी, नाही. पण ज्या दिवशी तोच शब्द उत्तर निघेल त्या दिवशी तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

धरमपेठेतली मावशी
मी स्क्रॅबलवाली. माझं खूप जुनं आहे, २००७-०८ मध्ये ऑफिसात सगळे फेसबुकवर स्क्रॅबलसारखंच स्क्रॅब्युलस खेळायचे, कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी बनवलेलं. मग खेळण्यांच्या कंपन्यांनी हक्काचा दावा लावला आणि जुलै २००८ मध्ये अमेरिका-कॅनडात ते बंद झालं. माझी एक टोरांटोची पार्टनर अर्ध्या डावात गायब झाली, माझ्याकडे झेड तसाच राहिला. दहा गुणांचा झेड!

आता रिटायर झाल्यावर मोबाइलवर अनोळखी लोकांशी खेळते. पहिला डाव संपला तर समोरच्याने लिहिलं 'जी जी', इंग्रजीत दोन अक्षरं. मला वाटलं हिंदीभाषी मुलगा असेल, बहीण मानून जीजी म्हणून राहिला, आपल्या नागपुरात काही नवल नाही त्याचं. मी लिहिलं, खुश रहो बेटा. तो पोलंडचा निघाला. 'गुड गेम' म्हणायचं होतं त्याला, म्हणजे डाव छान झाला. पण मी त्याला भाचीमार्फत जीजीचा अर्थ कळवला आणि आता दीड वर्ष झालं, तो मला जीजीच म्हणतो.

शिष्टाचार म्हणाल तर माझ्या मते एकच, हरताना पळू नका. काही लोक शंभर गुणांनी मागे पडले की खेळतच नाहीत, त्यांची वेळ संपेपर्यंत आपल्याला टांगून ठेवतात. सातही ठोकळे एका झटक्यात लावले की पन्नास जास्तीचे मिळतात, ते मिळाले की समोरचा हमखास गायब. आणि दुसरं, क्यूआय, झेडए असे दोन अक्षरी शब्द लावले म्हणून कोणाला नावं ठेवू नका. ते डिक्शनरीत आहेत. मला एका बाईने विचारलं होतं, अर्थ माहीत आहे का तुम्हाला. नव्हता. मग बघितला. क्यूआय म्हणजे ती चिनी प्राणशक्ती. आता माहीत आहे, म्हणून अजून ऐटीत लावते.

ऐकणारा
मला दिसत नाही, मी मोबाइल स्क्रीन रीडरवर वापरतो. तुमचे ते चौकोन मला कसे ऐकू येतात सांगतो. ग्रीन स्क्वेअर, यलो स्क्वेअर, ब्लॅक स्क्वेअर, ब्लॅक स्क्वेअर, ब्लॅक स्क्वेअर. सहा ओळी असल्या तर तीस वेळा. आमच्या शाळेच्या ग्रुपात अकरा जण रोज टाकायचे. मी सकाळी मेट्रोत कानात यंत्र घालून बसायचो आणि खापरी ते सीताबर्डी नुसते चौकोन. मी स्वतः खेळतो हं, शब्द आवडतात मला, तक्रार खेळाची नाही.

बरेच दिवस बोललो नाही, वाटलं उगाच आपल्यासाठी सगळ्यांना कशाला. मग एकाला सहज सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी चौकोन टाकलेच नाहीत, कॉमेंट्री टाकली, "पहिल्या ओळीत भोपळा, दुसऱ्यात दोन पिवळे पण जागा चुकीची, तिसऱ्यात उगाच शहाणपणा, चौथ्यात सीधा जामठ्याच्या स्टेडियमबाहेर." मी मेट्रोत एकटाच हसलो. आता सात-आठ जण तसंच लिहितात आणि खरं सांगायचं तर चौकोनांपेक्षा त्यातून माणूस जास्त कळतो. कोण घाबरून खेळतो, कोण दुसऱ्या ओळीत हात टेकतो.

नारिंगी
@ऐकणारा, हे मी आमच्या ग्रुपात आजच सांगतो. माझं थोडं वेगळं, मला हिरव्या-पिवळ्यातला फरक नीट समजत नाही, वर्षभर अंदाजाने खेळलो आणि घरचे म्हणायचे तू काय दिवा लावून राहिला. मग मुलीने सेटिंगमध्ये हाय कॉन्ट्रास्ट शोधून दिलं, त्यात हिरव्याच्या जागी नारिंगी आणि पिवळ्याच्या जागी निळं येते. बरोबर अक्षराला संत्र्याचा रंग, नागपूरकराला आणखी काय पाहिजे.

कूलरसमोर
आमचा घरगुती मराठी खेळ आहे, कोणतं ॲप नाही. आमच्या सोसायटीतल्या एक बाई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका, रोज सकाळी नऊ वाजता नुसते तीन किंवा चार रिकामे गोल टाकतात आणि एक ओळीचा इशारा. आपण शब्द लिहायचा, त्या हाताने हिरवे-पिवळे गोल पाठवतात. जोडाक्षर म्हणजे एक घर. व्यंजन बरोबर पण काना-मात्रा चुकला तर निळा गोल, ही बाईंचीच सोय. निळा नव्हता तेव्हा रोज भांडण, मी 'का' लिहिला तिथे 'की' होता तर मला काहीच कसं नाही.

ग्रुपात एक काका आहेत, आयुष्यभर मुद्रितशोधन केलेलं. 'नागपूर' मधला पू दीर्घ पण 'नागपुरात' म्हटलं की ऱ्हस्व, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेतही चुकणार नाही. इथवर ठीक होतं. पण ते खेळ सोडून सगळीकडे लाल पेन चालवायला लागले. कोणी 'हार्दीक शुभेच्छा' लिहिलं की खाली लगेच 'हार्दिक'. एकीने सासऱ्यांची बातमी कळवली, त्यातला 'दु:खद' दुरुस्त केला त्यांनी. त्या दिवशी बाईंनी नियम टाकला, शुद्धलेखन फक्त खेळाच्या शब्दाचं, शुभेच्छा, श्रद्धांजली आणि भाजीची यादी यांना हात लावायचा नाही. काकांनी महिनाभर काही लिहिलं नाही. मग बाई स्वतः त्यांच्याकडे जाऊन शब्दांची वही देऊन आल्या, म्हणाल्या मी शब्द काढते, टाकण्याआधी तुम्ही तपासा. तेव्हापासून काका खेळत नाहीत, तपासतात, आणि फार खूष असतात.

सर्वात मोठा राडा मात्र सांबारवरून झाला. तीन घरं, इशारा होता 'ह्याच्याशिवाय पुडाची वडी नाही'. आम्ही इथले लोक दोन मिनिटांत. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या दोघी संध्याकाळपर्यंत 'कोथिंबीर' चार घरात जाते म्हणून डोकं फोडून राहिल्या. उत्तर कळल्यावर म्हणाल्या सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, हा अन्याय आहे. त्यांचंही बरोबरच होतं ना! मग ठरलं, आठवड्यातून एक दिवस त्यांच्याकडचा शब्द.

बाईंची एक खोड आहे, त्या कॅलेंडर पाहून शब्द काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार गोल आले की उघडायच्या आधीच सगळ्यांना माहीत, मारबत, त्या दिवशी ईडापीडा घेऊन जायला जिचा पुतळा निघतो ती. गेल्या वर्षी तर कोणी अंदाजच केला नाही, सगळ्यांनी आरोळ्याच टाकल्या. "उत्तर फोडणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत!" "गूगल करून खेळणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत!" पुण्याच्या एकीने लिहिलं, "कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत!" तिला त्या दिवशी सगळ्यात जास्त बदाम मिळाले.

हॉस्टेल २०४
आमच्याकडे नियम एकच, सहाव्यातही नाही निघाला तर उद्याचा तर्री पोहा त्याच्याकडून, त्यामुळे महिनाअखेरीस कोणीच खेळत नाही

साधा माणूस
सगळं वाचलं. मला हे जरा अति वाटते. शब्द आहे, बोर्डाचा पेपर नाही. फुटला तर फुटला. आमच्या वेळी शब्दकोडं घरात चौघं मिळून सोडवायचे, एकाला आलं की तो मोठ्यांदा सांगायचा आणि दुसरा लिहायचा. त्याला कोणी मदत म्हणे, गुन्हा नाही. आणि पंगतीत म्हणाल तर मी इतक्या हळू बोललो होतो

तर्रीवाला
😂 आले बाप्पा

(धागाकर्ती)
काकाजी?? तुम्ही इथे कसे?

साधा माणूस
नातीने लिंक पाठवली. शब्दकोड्याचं मात्र मी बोललो ते खरं आहे, विचार कर. तुझ्या नणंदेला आज सकाळी फोन केला होता, ती बोलली नीट. मला एक विचारायचं आहे. तुम्ही सगळे हे चौकोन चौकोन म्हणून राहिले ते आणता कुठून? मी सहा महिने सगळ्यांना शब्दच टाइप करून पाठवत होतो. मला वाटलं तुम्ही लोक चौकोन एक एक करून काढता, एवढा वेळ कोणाला आहे.

(धागाकर्ती)
काकाजी, डाव संपला की खाली 'शेअर' लिहिलेलं येते. ते दाबायचं, मग ग्रुपात पेस्ट.

साधा माणूस
दाबलं. आता?