माझ्या पुस्तकावरील शालेय संगीत नाटकात शेवट बदलला आहे. लेखिकेने किती आग्रह धरावा?

प्रश्न (लेखिका, रत्नागिरी)

नमस्कार. कोकण किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांविषयी मी लिहिलेल्या बालकथेवर एका शाळेने स्नेहसंमेलनासाठी संगीत बालनाट्य बसवायला घेतले असून, प्रयोगाला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावले आहे. गाणी शाळेतल्याच शिक्षकांनी रचली आहेत. त्यांतली काही मला ऐकवली, तेव्हा माझ्या गद्यात नसलेला ठेका त्या पात्रांना मिळालेला पाहून मी मनापासून सुखावले.

अडचण शेवटाची आहे. माझ्या कथेत पिल्लू एकटेच समुद्रात शिरते आणि गोष्ट तिथेच थांबते; नाटकात मात्र लाटांमधून त्याची आई येते, त्याला जवळ घेते आणि समूहगीताने पडदा पडतो. प्रत्यक्षात मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात, तेव्हा ती किनाऱ्यावर नसते. तालमी सुरू झालेल्या असताना हा बदल सुचवणे योग्य होईल का, आणि सुचवायचे तर कोणाला?

उत्तर १ (संगीत शिक्षिका, सातारा)

ताई, जरूर सुचवा, पण आत्ताच. रंगीत तालमीनंतर एक ओळ बदलली तरी मुले गोंधळतात. आईची भूमिका करणाऱ्या मुलीचे गाणे मात्र काढायला लावू नका. शाळेच्या नाटकात प्रत्येक गाण्यामागे कोणीतरी मूल आणि त्याचे घर उभे असते. तेच गाणे पहिल्या अंकात घेता येईल: अंडी वाळूने झाकून परत फिरताना ती न पाहिलेल्या पिल्लांसाठी गाते. शेवटी पेटीवर फक्त तिची चाल वाजू द्यावी, ती स्वतः रंगमंचावर नसावी.

आणखी एक गोष्ट. पिल्ले समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, म्हणून शेवटच्या प्रवेशात मागचे दिवे मंद करून प्रेक्षकांच्या बाजूने निळसर प्रकाश सोडता आला, तर मुले आपोआप पालकांकडे तोंड करून पुढे सरकतील. वेळासला उबवणी केंद्रातली टोपली उचलून पिल्ले सोडतात, तशी वेताची टोपली नेपथ्यात असली तर तिचाही छान उपयोग होईल.

उत्तर २ (वकील, ठाणे)

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. तिकीट लावून केलेला जाहीर प्रयोग किंवा यूट्यूबवर टाकलेले चित्रण त्या सवलतीत बसते असे गृहीत धरू नये. रूपांतराचा हक्क कलम १४ नुसार स्वतंत्र असल्यामुळे दोन ओळींची लेखी परवानगी द्यावी आणि तिच्यात चित्रणाचा उल्लेख करावा. प्रकाशकाशी झालेला करारही आधी तपासावा. कलम ५७ लेखकाला नाव मिळण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या विपर्यासाला हरकत घेण्याचा अधिकार देते. आपल्या प्रसंगात त्याचा उच्चारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापकांशी बोलून सुटणारी ही बाब आहे.

उत्तर ३ (बालसाहित्यिक, पुणे)

सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, त्यालाही आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात मराठी बालरंगभूमीवर पऱ्या, राक्षस आणि बोलणारे प्राणी मोकळेपणाने वावरले आहेत. त्यामुळे कासव गाते याला कोणाचीच हरकत असणार नाही. खऱ्या प्राण्याच्या जगण्याविषयी मूल जे खरे मानून घरी जाईल, तेवढ्यापुरता आग्रह धरावा. पात्रांची संख्या, पोशाख, विनोद, गाण्यांचा क्रम हे सगळे शाळेवर सोडावे.

दिग्दर्शन करणाऱ्या शिक्षकांना आधी एकट्याने भेटा, मुलांसमोर दुरुस्ती सांगू नका. प्रयोगाच्या दिवशी भाषण नाटकानंतर आणि दोन-तीन मिनिटांचेच ठेवा. त्यात पुस्तकाविषयी कमी बोलून, पेटी-तबल्याच्या साथीला बसलेल्यांचा आणि पडदा ओढणाऱ्यांचा उल्लेख अवश्य करा. मग रंगपटात जा. लाटा झालेली, वाळू झालेली, एकही संवाद नसलेली मुले तिथे असतात, आणि लेखिका आपल्याशी बोलली याचे त्यांना फार अप्रूप असते.

लेखिका, रत्नागिरी

आपल्या सर्वांची आभारी आहे. शिक्षकांशी आज फोनवर बोलले. आईचे गाणे पहिल्या अंकात घ्यायला ते तयार आहेत. मात्र तिथे ते संथ लयीत हवे, म्हणून शेवटच्या दोन ओळी नव्याने लिहून देण्याची विनंती त्यांनी मलाच केली आहे. साताऱ्याच्या ताईंना त्या आधी दाखवू इच्छिते.