वस्तीतल्या पोरांची संस्था, मग विश्वस्तांत वस्तीतलं कुणी का नाही?

चौथा थर (धागाकर्ता)

गोवंडी, मानखुर्द, मालवणी, धारावी इथे १४ ते २५ वयाच्या मुलामुलींसोबत काम करणाऱ्या बऱ्याच संस्थांच्या विश्वस्तांची यादी काढली तर साधारण असं चित्र दिसतं: एक निवृत्त बँक अधिकारी, एक डॉक्टर, एक सीए, संस्थापक, संस्थापकांचे कॉलेजातले दोन मित्र आणि एक उद्योजिका. माणसं भली, त्याबद्दल वाद नाही. पण वस्तीत पाणी किती वाजता येतं हे सातांपैकी एकालाही ठाऊक नसतं आणि किशोरी गटाची वेळ ठरते संध्याकाळी पाचची. पाचलाच पाणी. हंडे भरायचे कुणी? मुली येत नाहीत आणि तिमाही अहवालात कारण जातं, 'पालकांची उदासीनता'.

माझं म्हणणं सरळ आहे. सातपैकी किमान दोन विश्वस्त त्याच वस्तीतले, २१ ते ३० वयाचे, कार्यक्रमातून बाहेर पडून वर्ष झालेले असावेत. 'युवा सल्लागार समिती' वगैरे नको. परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, नाव हवं आणि ठरावाला मत हवं.

वय कमी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा मागे बघावं. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं तेव्हा दलप्रमुख एसेम जोशी ३६ वर्षांचे होते. वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्या 'आकांक्षा' संस्थेचं काम शाहीन मिस्त्री यांनी सुरू केलं तेव्हा त्या कॉलेजात शिकत होत्या. संस्थापक कॉलेजातला चालतो, मग वस्तीतला पंचविशीचा विश्वस्त मात्र 'अपरिपक्व' कसा?

जमाखर्च

मथळा आवडला, मागणी पटली नाही.

विश्वस्त हा मानाचा शेला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्तांच्या घोर निष्काळजीपणामुळे किंवा विश्वासभंगामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर चौकशी करून ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करण्याचा आदेश धर्मादाय आयुक्त देऊ शकतात. नुकसान कसं होतं तेही सांगतो. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचा, हप्ता जानेवारीत यायचा तो मार्चमध्ये येतो. पगार थांबवता येत नाहीत, म्हणून पगार होतात आणि त्यातून कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, भरायचा राहतो. पुढच्या महिन्याची ७ तारीख गेली की व्याज सुरू. भविष्यनिर्वाह निधीचं तेच, १५ तारीख. किंवा एका देणगीदाराने शिलाई केंद्रासाठी दिलेल्या पैशातून दुसऱ्या प्रकल्पाचं भाडं जातं, 'नंतर वळते करू' म्हणून. ते वळते होत नाहीत आणि लेखापरीक्षणात शेरा येतो. निवृत्त बँकरला हे सोसेल. त्याच्याकडे वकील आहे, पेन्शन आहे. दिवसाला सातशे-आठशे कमावणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलाच्या नावावर ती नोटीस आली तर तुम्ही जाणार का त्याच्याबरोबर वरळीला, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात?

आणि शाहीनबाईंचं उदाहरण उलट बाजूचं आहे. कॉलेजातल्या मुलीकडे इंग्रजी होतं, ओळखी होत्या, चुकायला वाव होता. वय हा मुद्दाच नव्हे. पाठीशी काय आहे, हा आहे.

पायवाट

दोघेही चुकीच्या खोलीत भांडताय. विश्वस्त वर्षातून चारदा भेटतात. मुलांच्या लेखी संस्था म्हणजे केंद्रावरची ताई आणि क्षेत्र समन्वयक. केंद्र कुठल्या गल्लीत घ्यायचं, मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुली येतील का, मैदान गणपती ते नवरात्र मांडवाखाली जातं तेव्हा फुटबॉलची बॅच कुठे न्यायची, मे महिन्यात सगळे गावी गेल्यावर काय करायचं, हे सगळं तीच माणसं ठरवतात. त्यांची नेमणूक ११ महिन्यांच्या करारावर, मानधन सीएसआर प्रकल्पाला बांधलेलं. ३१ मार्चला प्रकल्प संपला की समन्वयक दुसऱ्या संस्थेत. त्याच्या फोनमधले दोनशे पालकांचे नंबरही त्याच्याबरोबर गेले.

खरं नेतृत्व टिकवायचं तर आधी हे सोडवा. कंपन्यांच्या सीएसआर नियमांत 'चालू प्रकल्प' अशी तरतूद आहे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. किती संस्थाप्रमुख करार करताना ती मागतात? बहुतेक जण एका वर्षाचा कागद मुकाट सही करून घेऊन येतात.

चौथा थर

@पायवाट, मान्य. पण एका वर्षाचा कागद मुकाट घ्यायचा की नाही, हे विश्वस्त मंडळच ठरवतं ना? समन्वयक गेल्यावर गल्लीत काय होतं हे पाहिलेलं माणूस त्या टेबलाशी असेल तर प्रश्न विचारला तरी जाईल.

@जमाखर्च, वसुलीची भीती तुम्ही फार ताणताय. प्रामाणिकपणे मत नोंदवलेल्या विश्वस्ताला कुणी उठसूट पकडत नाही. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्यायचा, एवढं पहिल्या दिवशी शिकवावं. आणि 'हिशेब त्यांना झेपणार नाही' हे म्हणण्याआधी कुठल्याही गणेशोत्सव मंडळाकडे बघा. विशीतली पोरं वर्गणीची पावती पुस्तकं छापतात, विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात, पालिकेची मांडवाची परवानगी, पोलिसांची, वाहतुकीची, अग्निशमनची, सगळं करतात आणि अनंत चतुर्दशीनंतर जमाखर्च फलकावर लावतात. दरवर्षी.

उलटतपासणी

गणेश मंडळाचं उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. आता त्याची दुसरी बाजू. मंडळाचा अध्यक्ष कोण होतो? ज्याच्या मागे नगरसेवक, तो. तुमचे दोन युवा विश्वस्त निवडणार कोण, ते सांगा. माजी मुलांचं मतदान घेतलंत तर एका गल्लीची टोळी तीस मतं घेऊन येईल. संचालकांनी निवडले तर संचालकांच्या लाडक्यांची भरती. तो पोरगा सभेत मान डोलावेल, फोटोत पुढे बसेल आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकेल.

दुसरं, तो नंतर संस्थेतच नोकरीला लागतो. हे तर हमखास. विश्वस्तही आणि पगारदारही. आयकराच्या दृष्टीने विश्वस्त हा हितसंबंधी. त्याला कामाच्या मानाने वाजवी मोबदला देता येतो, त्यापेक्षा जास्त गेलं तर करसवलतीवर बालंट. आणि आपल्याच वरिष्ठाच्या पगारवाढीच्या ठरावावर तो मत देणार?

पायवाट

निवडीबद्दल उलटतपासणींचा मुद्दा पक्का आहे. त्यात एक भर. एकच जागा ठेवलीत तर ती शोभेची होते. एकटा पोरगा सहा मोठ्यांसमोर बोलत नाही. आणि ती जागा जवळजवळ नेहमी मुलाला जाते, कारण सभा रात्री आठला प्रभादेवीत. मुलगी परत येणार कशी? मुलींचं लग्न ठरलं, सासर बदलापूरला, की पाच वर्षांची मुदत वाऱ्यावर.

चौथा थर

पद्धत सुचवतो, फोडा.

पात्रता: कार्यक्रमात दोन वर्षं, बाहेर पडून एक वर्ष, वय २१ पूर्ण, विश्वस्त असताना आणि त्यानंतर एक वर्ष संस्थेत पगारी काम नाही. निवड समिती पाच जणांची: दोन माजी मुलं, एक विश्वस्त, एक केंद्रावरचा कार्यकर्ता, एक बाहेरचा. संचालक समितीत नाहीत. मतदान नाही, अर्ज आणि मुलाखत. एका गल्लीतून एकच. दोन जागांपैकी एक मुलीची.

आधी सहा महिने निरीक्षक म्हणून बसवायचं, पण सगळे कागद देऊन. मुदत दोन वर्षं, जास्तीत जास्त दोनदा.

सभा रविवारी सकाळी अकराला, वस्तीतल्या केंद्रावर. विषयपत्रिका सात दिवस आधी, मराठी किंवा हिंदीत, एका पानावर. अर्थसंकल्पाची सत्तर पानी इंग्रजी फाईल आदल्या रात्री व्हॉट्सअपवर टाकणं म्हणजे त्याला बोलू नको असं सांगणंच आहे. प्रवासखर्च पावतीवर, त्याच दिवशी.

हिशेबाच्या तीन बैठका. पहिलीत बँकेचं पुस्तक आणि रोकडवही यांचा मेळ. दुसरीत परिशिष्ट ८ चा ताळेबंद आणि परिशिष्ट ९ चं उत्पन्न-खर्च पत्रक, गेल्या वर्षीचंच घेऊन, पेन हातात देऊन. तिसरीत निर्बंधित देणगी (ठरावीक कामासाठीच दिलेली) आणि सर्वसाधारण निधी यातला फरक, कारण सगळ्या भानगडी तिथेच होतात.

जमाखर्च

हे लिहिलंत तेव्हा कुठे बोलणं रुळावर आलं. तिसरी बैठक तर जुन्या विश्वस्तांनाही सक्तीची करा. दर तिमाहीला विश्वस्ताने तीनच कागद मागावेत: बँक ताळमेळ, टीडीएसचं चलन, भविष्यनिर्वाह निधीचं चलन. हे तीन वेळेवर येत असतील तर निम्मी काळजी मिटली.

पण तुमच्या दोन वर्षांच्या मुदतीला व्यवहारात कुठे आग लागते ते ऐका. विश्वस्त बदलला की विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. सोबत सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मुदत संपल्याची नोंद, येणाऱ्याचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. एका जुन्या विश्वस्ताला नोटीस पोचल्याचा पुरावा नसला की तेवढ्यावर अडतं. मंजुरी वेळेत मिळाली तर नशीब, नाहीतर अर्ज वर्षानुवर्षं पडून. तोवर परिशिष्ट १ वर जुनीच नावं आणि बँक तेच मागते. दर दोन वर्षांनी दोन नावं बदलणार म्हणजे एक अर्ज मंजूर व्हायच्या आत दुसरा दाखल. परदेशी देणगीची नोंदणी असेल तर गृहमंत्रालयाच्या पोर्टलवर पदाधिकारी बदलाचा वेगळा अर्ज.

केवायसी ही आणखी एक कटकट. वस्तीत भाड्याने राहणाऱ्याकडे करारनामा असतोच असं नाही, आधारवर गावचा पत्ता, पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगळं. एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, घर गेलं की संक्रमण शिबिर, मग पत्ता तिसराच.

म्हणून म्हणतो, मुदत तीन वर्षांची करा आणि युवा विश्वस्तांना बँकेच्या सह्यांत घेऊ नका.

उलटतपासणी

म्हणजे मत आहे, सही नाही. पुन्हा दुय्यम विश्वस्तच की.

जमाखर्च

सातपैकी तिघांचीच सही असते हो. डॉक्टरांचीही नसते. ते दुय्यम होतात का?

इथे एक नमुना मुंबईतलाच. १९७६ साली मानखुर्दची जनता कॉलनी उठवून चीता कॅम्पला हलवली, त्याविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व जॉकिन अर्पुथम यांनी केलं तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. पुढे त्यांचा राष्ट्रीय झोपडीवासी महासंघ, वस्तीतल्या बायकांची महिला मिलन आणि स्पार्क ही स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र काम केलं. त्यात नोंदणी, निधी, कागद हा भार मुख्यतः स्पार्कने उचलला आणि वस्तीतलं संघटन, गणना, बचतगट महासंघ आणि महिला मिलनकडे राहिले. जॉकिन कुणाच्या मंडळावरची 'युवा जागा' भरायला गेले नव्हते. त्यांच्याकडे स्वतःची संघटना होती, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

चौथा थर

त्या उदाहरणाने माझीच बाजू जड होते. ती बरोबरीची भागीदारी होती. आजच्या युवा संस्थांत मुलांची संघटना असते कुठे? 'लाभार्थी' असतात, हजेरीपट असतो. संघटना नाही तर निदान दोन मतं द्या. मुदत तीन वर्षं करायला तयार आहे.

पायवाट

एक अवघड गोष्ट कुणी काढली नाही. केंद्रावरच्या प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आली आणि तो युवा विश्वस्ताच्या गल्लीतला, मित्राचा भाऊ. दबाव कुणावर येईल? प्रभादेवीच्या डॉक्टरांच्या दारात कुणी जाणार नाही.

जमाखर्च

ही बाब मंडळापुढे यायलाच नको. मूल १८ खालचं असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळल्याबरोबर पोलिसांना कळवणं बंधनकारक. 'आधी अंतर्गत चौकशी करू' हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद. म्हणून बालसुरक्षेची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे, ती वस्तीबाहेरची, मंडळाच्या परवानगीची वाट न बघणारी. मंडळाला फक्त 'एक प्रकरण कळवलं' एवढीच नोंद, नाव नाही. तक्रार करणारी कर्मचारी प्रौढ असेल तर वेगळा कायदा: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती. ती समिती कागदावर नाही, प्रत्यक्षात हवी.

उलटतपासणी

शेवटचा खोचक प्रश्न. वस्तीतल्या बऱ्याच मुलांवर चॅप्टर केस असते. सणाआधी पोलीस उचलतात, बाँड लिहून घेतात. तुमच्या निवड समितीपुढे असा अर्ज आला की सीएसआरवाले पार्श्वभूमी तपासणीत त्याला उडवणार. मग?

चौथा थर

चॅप्टर केस म्हणजे प्रतिबंधक कारवाई, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०७ आणि ११०, आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १२६ आणि १२९. ती शिक्षा नव्हे, दोषसिद्धीही नव्हे. समितीने तीन गोष्टी बघाव्यात: कुठल्या कलमाखाली, बाँडची मुदत संपली का आणि त्यात मुलं किंवा बायकांविरुद्धचा काही गुन्हा आहे का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर विषय संपला. नाहीतर अर्ज पुढे. प्रतिज्ञापत्रात मात्र लपवायचं नाही, गृहमंत्रालयाच्या अर्जात तर मुळीच नाही. नंतर उघडकीला आलं तर त्या एकट्याचं नाही, संस्थेचं प्रमाणपत्र अडकतं.

जमाखर्च

हे ठीक. फक्त बाँडची मुदत अर्जाच्या तारखेला नाही, बदल अर्ज दाखल करायच्या तारखेला संपलेली हवी. मध्ये बरेच महिने जातात आणि तेवढ्यात पुढचा सण येतो.