मदत हवी आहे: सिंगापूरच्या युनिव्हर्सलसाठी एकच दिवस, एक्सप्रेस पास घ्यावा का?

चुरमुरा:
मे महिन्यात सिंगापूरला जायचं ठरतंय. युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी एकच दिवस काढता येईल. आम्ही पाच जण: दोघं, मुलगी (१० वर्षं, उंची १२८ सेंमी), मुलगा (५ वर्षं, १०४ सेंमी) आणि सासूबाई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास, पाळण्यांत बसणार नाहीत). मुक्काम लिटल इंडियात. मुंबईहून रात्री निघणारं विमान सकाळी पोचतं. त्याच दिवशी पार्क उरकावं का? एक्सप्रेस पास (लांब रांग टाळून लवकर आत सोडणारा) पाचही जणांना घेतला तर जवळजवळ दुसरं तिकीट काढल्यासारखं होतंय, तेवढा उपयोग आहे का? आणि आत गेल्यावर सुरुवात कुठून करावी? आम्ही शाकाहारी आहोत.

घाटवाट:
पोचल्या दिवशी अजिबात नको. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे; तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, तेही विमानात अर्धवट झोपून. उकाडा दमट असतो, पाच वर्षांचं मूल दुपारीच गळून जाईल. दुसरा किंवा तिसरा दिवस ठेवा.

वार मंगळवार ते गुरुवारपैकी बघा. तिथल्या शाळांची सुट्टी मेअखेरीस सुरू होते आणि जूनभर चालते. त्यामुळे मेचे पहिले दोन-तीन आठवडे आपल्या मुलांना सुट्टी आणि तिथल्या मुलांना शाळा, असा छान योग असतो. १ मे आणि वेसाकची (बुद्धपौर्णिमेची) सुट्टी तेवढी टाळा. तारीख अशी साधली तर एक्सप्रेस पासचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

तिकीट तारखेचं असतं, म्हणून व्हिसा हातात आल्यावरच काढा. अरायव्हल कार्ड (सिंगापूरमध्ये शिरण्यासाठीचा अर्ज) पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

उलटापालटा:
पासबद्दल. प्रत्येकाला आपापला पास लागतो, आणि साधा एक्सप्रेस यादीतल्या प्रत्येक राइडला एकदाच चालतो. सासूबाईंना तो नकोच. मुलाचा हिशोब प्रत्येक राइडला लागणाऱ्या किमान उंचीवर करा:

बॅटलस्टार गॅलॅक्टिका (रोलर कोस्टर) १२५ सेंमी, ममी (हाही रोलर कोस्टर) १२२, जुरासिक पार्क रॅपिड्स १०७, ट्रान्सफॉर्मर्स १०२, पुस इन बूट्स १००, कॅनॉपी फ्लायर ९२. शेवटच्या चार राइड्समध्ये १२२ पेक्षा कमी उंचीच्या मुलासोबत मोठं माणूस लागतं.

म्हणजे मुलगी सगळीकडे चालेल. मुलगा ट्रान्सफॉर्मर्सला बसेल पण रॅपिड्सला तीन सेंटिमीटरनी हुकेल. राइडच्या तोंडाशी पट्टीला उभं करून मोजतात, तिथे विनवणीचा उपयोग नाही. घरीच मोजून मुलाला आधी सांगून ठेवा, म्हणजे रांगेच्या टोकाला रडारड होणार नाही.

मधल्या वारी जात असाल तर पास घेऊ नका. शनिवार-रविवारच हाती असेल तर तुम्ही दोघं आणि मुलगी, एवढ्या तिघांनाच घ्या. मात्र तसं केलंत तर मुलाला घेऊन साध्या रांगेत उभं राहावं लागेल, म्हणून ट्रान्सफॉर्मर्स आणि कॅनॉपी फ्लायर सकाळीच उरका. राइड देखभालीसाठी बंद असण्याच्या तारखा पार्कच्या साइटवर असतात. पासचे पैसे भरण्याआधी त्या बघा. नेमकी बॅटलस्टार बंद असेल तर पासातला मोठा ऐवजच गेला.

खारीक:
आता क्रम. पार्क लहान आहे, सगळं मिळून २० हेक्टरच्या आसपास, आणि मधल्या तळ्याभोवती गोल फिरतं. रांगेत वेळ जातो तो अंतरामुळे नाही, तर कमी माणसं बसणाऱ्या राइडला भर दुपारी गेल्यामुळे.

दार उघडण्याआधी अर्धा तास पोचा. आत शिरल्यावर बरेच जण हॉलिवूडच्या रस्त्यावर फोटो काढत रेंगाळतात. फोटो परतताना काढा. उजवीकडे वळा, पार्कचा न्यूयॉर्क विभाग ओलांडा, थेट साय-फाय सिटी विभाग. एक जण मुलीला घेऊन बॅटलस्टारला, दुसरा मुलाला घेऊन ट्रान्सफॉर्मर्सला. बॅटलस्टार आधी घ्यायचं कारण साधं आहे: २०१३ मध्ये ती बंद झाली आणि २०१५ मध्ये नव्या डब्यांनिशी सुरू झाली, तेव्हा चार जणांच्या रांगेऐवजी दोन जणांची आसनं आली. माणसं कमी बसतात, रांग हळू सरकते. तिचे दोन ट्रॅक आहेत, दोन्हींच्या रांगा वेगळ्या. लाल ह्यूमनमध्ये पायाखाली डबा असतो. निळ्या सायलॉनमध्ये पाय लोंबकळतात आणि उलटं फिरवतात. पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलीला लाल ठीक. खिशात काहीही नेऊ देत नाहीत, सामान लॉकरमध्ये. तिथेच पाच-दहा मिनिटं जातात, म्हणून मोबाइल, नाणी, किल्ल्या आधीच सासूबाईंकडे द्या.

मग शेजारी प्राचीन इजिप्तमध्ये ममी. ती अंधारात चालते आणि मध्येच उलटी मागे जाते. पुढे लॉस्ट वर्ल्डमध्ये कॅनॉपी फ्लायर मुलासाठी. एका पाळण्यात चारच माणसं बसतात, तेव्हा छोटी दिसणारी रांगसुद्धा लांबते. हे सगळं साडेअकरापर्यंत झालं तर उरलेला दिवस आरामात.

घाटवाट:
यात हवामान धरा. एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारी गडगडाटी पाऊस येतो. पावसापेक्षा विजेचा त्रास: वीज पडण्याचा धोका दिसला की बॅटलस्टार, कॅनॉपी फ्लायर, रॅपिड्स असं उघड्यावरचं सगळं थांबवतात, आणि पुन्हा कधी सुरू होईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून सकाळी उघड्यावरच्या राइड, दुपारी छताखालच्या. खारीक यांचा क्रम तसाच आहे, फक्त ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीला पावसात परत जाता येतं हे लक्षात असू द्या. वॉटरवर्ल्डचा (पाण्यातल्या कसरतींचा) खेळही विजेपायी रद्द होऊ शकतो, तेव्हा दिवसातला पहिलाच गाठा. वीस मिनिटं आधी जाऊन बसा; पुढच्या ओळींवर मुद्दाम पाणी उडवतात.

चुरमुरा:
फारच उपयोगी, धन्यवाद! मुलाला सांभाळायला सासूबाई आहेतच, पण त्यांना इतकं चालवेल का? आणि रॅपिड्समध्ये खरंच इतकं भिजायला होतं?

खारीक:
भिजायला होतं म्हणजे अंतर्वस्त्रांपर्यंत. गोल तराफा फिरत असतो, त्यामुळे शेवटच्या उतारावर पाठ कोणाची येईल हे नशीब. जीन्स नको, दिवसभर मांड्या घासतात. पटकन वाळणारी पँट आणि पट्ट्याची सँडल. मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा. पातळ रेनकोट इथूनच न्या. ही राइड जेवणाआधी करा, उन्हात कपडे वाळतात. संध्याकाळी केलीत तर ओल्या अंगानं वातानुकूलित मेट्रोत कुडकुडाल.

सासूबाईंसाठी प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्यानं मिळते. संकोच करू नका. बसायच्या जागा आहेत, पण बऱ्याचशा उन्हात. वॉटरवर्ल्ड त्यांना बसून बघता येईल.

उलटापालटा:
मुलगी आणि बाबा राइडवर, मग आईची पाळी असं करायचं तर रांगेच्या तोंडाशी ‘चाइल्ड स्वॅप’ मागा. दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. एकटंच बसायला तयार असाल तर काही राइडना ‘सिंगल रायडर’ ही वेगळी, सहसा आखूड रांग असते. त्यात शेजारी बसण्याचा हट्ट चालत नाही.

ट्रान्सफॉर्मर्समध्ये त्रिमितीय चष्म्यानं मळमळतं. तसं वाटलं तर चष्मा काढून समोरच्या दांड्याकडे बघा. जेवणानंतर लगेच नकोच.

शेवग्याची शेंग:
खाण्याचं कोणी लिहिलं नाही. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, तेव्हा थेपल्यांचा डबा हॉटेलवर. पाण्याची बाटली चालते. पोटभर नाश्ता लिटल इंडियातच करा. आत इजिप्त भागातल्या ओएसिस स्पाइस कॅफेत भारतीय पदार्थ मिळतात. बाराच्या आत जा, साडेबाराला टेबल मिळणं कठीण. तिथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं असू शकतं, नको असेल तर तसं स्पष्ट सांगा.

जायचं कसं: लिटल इंडियाहून जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन, गाडी न बदलता शेवटचं स्टेशन हार्बरफ्रंट. वर व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस (पार्क आहे त्या सेंटोसा बेटावर जाणारी गाडी), माणशी ४ डॉलर, उतरायचं पहिल्याच रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला. परतीचे पैसे लागत नाहीत. शेजारचा सेंटोसा बोर्डवॉक (बेटावर पायी जायचा रस्ता) फुकट आहे, पण सासूबाईंना चालवू नका. मॉल सकाळी बराचसा बंद असतो, तरी लिफ्ट चालू असते; बाणांमागे जा.